पाणटिवळा आणि दगडफूल

ऑक्टोबर २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्काहून उडाला आणि अकरा दिवसांनी थेट टास्मानियात उतरला. जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू ते! १३,५६० किलोमीटर, वाटेत ना दाणा, ना पाणी, ना विसावा. निघण्यापूर्वी हे पक्षी अंगात चरबी साठवतात आणि आतडी चक्क आकसून घेतात. केवढी ही तयारी!

अलास्कातल्याच खडकांवर पिवळसर-हिरवं ‘नकाशा दगडफूल’ असतं. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखंच तेही बुरशी आणि शैवाल मिळून झालेलं. वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, पण शतकानुशतकं टिकतं. हिमनदी कधी मागे सरली, हे शास्त्रज्ञ त्याच्या ठिपक्याचा व्यास मोजून ताडतात. २००५ मध्ये ते अंतराळात उघड्यावर ठेवलं होतं. पृथ्वीवर परतलं, आणि त्याचं प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं.