दोन तीर आणि एक पूल

पूजेच्या किंवा श्राद्धाच्या आरंभी हातात पाणी घेऊन केला जाणारा संकल्प, म्हणजे कर्म कोण, कोठे, केव्हा आणि कशासाठी करीत आहे याचा उच्चार, कर्त्याला आधी त्याच्या जागी उभा करतो. महाराष्ट्रात ही जागा सांगताना दंडकारण्याबरोबर गोदावरीच्या तीराचा निर्देश होतो. पुण्याचा यजमान दक्षिण तीर म्हणतो, धुळ्याचा उत्तर तीर म्हणतो, आणि नदी दोघांच्याही नजरेच्या टप्प्यात नसते. नाशकात मात्र हा भेद होळकर पुलाच्या दोन टोकांइतका जवळ येतो. (रामकुंडापाशी नदी दक्षिणवाहिनी होत असल्याने तिचे काठ तेथे वस्तुतः पूर्व-पश्चिम पडतात, परंतु संकल्प नदीचा एकंदर प्रवाह धरतो, तिची वळणे नव्हे.)

खानदेशातून येऊन पंचवटीत भाड्याने राहिलेला कामगार सकाळच्या पाळीसाठी डबा डिकीत टाकून स्कूटरने निघतो आणि पंचवटी कारंजा, होळकर पूल, रविवार कारंजा, अशोक स्तंभ असे करीत त्र्यंबक रस्त्याने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचतो, तेव्हा तो उत्तर तीर सोडून दक्षिण तीरावर आलेला असतो आणि संध्याकाळी उलट जातो. मग तो कोणत्या तीराचा मानावा? संकल्पात गोत्र पूर्वजांकडून येते आणि माणसाबरोबर कोठेही जाते. तीर मात्र वारशाने मिळत नाही, ज्या जागी कर्म घडते तेथून तो त्या त्या वेळी घ्यावा लागतो. या दृष्टीने, परगावाहून आलेल्याला नाशिककर होण्यासाठी दोन पिढ्या थांबण्याचे कारण उरत नाही, आणि घर एका तीरावर व पोट दुसऱ्या तीरावर असण्यात विसंगतीही उरत नाही.

जागेचा असा उच्चार अवधानाशिवाय पोकळ ठरतो, आणि अवधानाच्या बाबतीत स्कूटर कठोर आहे. तिची दहा-बारा इंची चाके मोठ्या चाकाप्रमाणे खड्ड्यावरून तरून जात नाहीत, त्यात उतरतात. म्हणून नव्या चालकाला कोणता गतिरोधक पट्ट्यांविना आहे, कोणत्या वळणावर बारीक खडी साचते, हे जाणून घ्यावेच लागते. रस्ता अंगवळणी पडला की हे ज्ञान हातापायांत उतरते आणि मन दुसरीकडे जाते. रोज संकल्प सांगणाऱ्या पुरोहिताचेही तसेच होत असावे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो आणि दुतोंड्या मारुतीच्या पायांपासून छातीपर्यंत चढणाऱ्या पाण्यावरून शहर पुराची उंची मोजू लागते, तेव्हा मात्र सराईत चालकालाही आपण नदी ओलांडत आहोत याचे भान येते.

तथापि केवळ तीरावर उभे राहणे पुरेसे होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिक जिल्ह्यातल्याच कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. ज्यांचा तीर जन्मापासून तोच होता त्यांच्यासाठी दार बंद होते. मीमांसा ज्याला अधिकार म्हणते, म्हणजे कर्म करण्याची पात्रता, ती येथे जागेवर नव्हे तर जन्मावर ठरवली गेली. तेव्हा संकल्पातील तीर नवागताला आपलेसे करतो हे खरे असले, तरी ते औदार्य गोत्र विचारून झाल्यानंतरचे आहे, ही अडचण झाकता येत नाही.

पुलावरचा प्रवास स्वतः कोणत्या कर्मात मोडतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. तीर्थयात्रा वाहनाने केल्यास तिचे फळ घटते, असे धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथ, म्हणजे विविध स्मृतिवचनांचे विषयवार संग्रह, सांगतात. सातपूरला निघालेल्याने पुण्याची अपेक्षाच केलेली नसल्यामुळे त्याचे या नियमाने काही बुडत नाही, फक्त पाळीची वेळ गाठावी लागते.