हाडं मोजायची कुणी?

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, हाडांच्या संख्येचा विषय निघतो तो थोड्या भांडणाच्या सुरातच. वेद मानणारे ३६० हाडं सांगतात, शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, मात्र ती ३००च, असं म्हणून सुश्रुत लगेच हिशोब मांडतो : हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. शाळेत २०६ घोकलेल्या आपल्याला हे दोन्ही पक्ष चुकलेलेच वाटतात. जुन्यांना शरीर कळलं नव्हतं म्हणून कुणी ते सोडून देतो, तर कुणी बेरीज-वजाबाकीची कसरत करून प्राचीनांना सगळं ठाऊक होतं असं सिद्ध करतो. मला दोन्हींत रस नाही. हाडं मोजण्याआधी ‘एक हाड’ कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा मोजणाऱ्याच्या कामावरून ठरलं आहे.

३६०चंच पाहा. शतपथ ब्राह्मणात हा आकडा यज्ञाच्या संदर्भात येतो. अग्निचयनाच्या वेदीभोवतीचे ३६० दगड, वर्षाच्या ३६० रात्री आणि माणसाची ३६० हाडं यांचा तिथे मेळ घातलेला आहे. आकडा आधी आला आणि हाडं त्यात मागाहून बसवली, असा संशय यावा इतका हा मेळ चोख आहे. चरकसंहितेनंही ३६०च धरले, पण ते भरायला ३२ दात, ते ज्यात बसतात त्या ३२ खोबणी आणि २० नखंही हाडांत मोजली.

सुश्रुत नखं आणि खोबणी वगळतो, दात ठेवतो. नाक-कानातली कूर्चाही तो ‘तरुण’ हाडं म्हणून मोजतो. आजच्या शरीररचनाशास्त्राला हे मान्य होणार नाही. पण निदानस्थानात अस्थिभंगाच्या अध्यायात त्याची विभागणी का तशी आहे ते उमगतं. तरुण हाडं वाकतात, नळीसारखी हाडं मोडतात, कवटीसारखी चपटी फुटून तडकतात, दातांचे तुकडे उडतात. मोडलेलं अंग समोर घेऊन बसलेल्या माणसाला नेमकं हेच हवं होतं. सांध्यांचंही तसंच. त्याने सांधे २१० सांगितले, त्यांचे हलणारे आणि स्थिर असे भाग केले आणि मग आठ प्रकार : उखळासारखा, टाका घातल्यासारखा, कावळ्याच्या चोचीसारखा वगैरे. उखळाचा सांधा खुब्यात, टाक्याचा कवटीत, चोचीचा जबड्याच्या दोन्ही बाजूंना. कवटीतल्या न हलणाऱ्या शिवणीला सांधा म्हणण्यात आजचं शास्त्रही त्याच्याबरोबर आहे. श्वासनलिकेतली कडी त्याने त्याच यादीत घातली, तिथे मात्र त्याची साथ सुटते.

पश्चिमेकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन या वैद्याला माणसाचं शवविच्छेदन करायची सोय नव्हती. त्याने माकडं आणि इतर प्राणी कापले आणि तेच शरीर पुढची तेराशे वर्षं माणसाचं म्हणून शिकवलं गेलं. खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचं मधलं हाड सात तुकड्यांचं, असं त्याने लिहून ठेवलं होतं. इ.स. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. कैरोजवळ मृतांचे ढीग साचले होते. बगदादहून आलेला वैद्य अब्द अल-लतीफ तिथे गेला आणि त्याच्या सांगण्यानुसार त्याने दोन हजारांहून अधिक जबडे पाहिले. एकातही सांधा नव्हता. गेलन कितीही थोर असला तरी डोळ्यांची साक्ष त्याच्याहून मोठी, असं त्याने लिहिलं. आपल्याकडच्या वैद्यकाच्या इतिहासात या माणसाचं नाव फारसं कानावर येत नाही, हे चांगलं नाही.

युरोपात हेच काम शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसच्या १५४३च्या ग्रंथाने केलं. जबडा एकाच हाडाचा, छातीचं हाड तीन भागांचं, असं त्याने दाखवलं. त्याचे पॅरिसमधले गुरू सिल्व्हियस यांचा गेलनवर इतका विश्वास की गेलन चुकलेला नाही, त्याच्या काळानंतर माणसाचंच शरीर बदललं असावं, असा त्यांनी बचाव केला. यावर हसू येतं खरं. पण व्हेसेलियसच्या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, १५४६मध्ये, इन्ग्रासिया या सिसिलियन वैद्याला मध्यकर्णातलं तिसरं हाड सापडलं. जेमतेम तीन मिलिमीटरचं, रिकिबीच्या आकाराचं हे हाड व्हेसेलियसच्या नजरेतूनही सुटलं होतं.

यातली खरी गंमत पुढेच कळली. नवजात बाळाचा खालचा जबडा खरोखरच दोन भागांचा असतो, ते पहिल्या वर्षात जुळतात. छातीचं हाडही लहानपणी अनेक तुकड्यांचं असतं. त्रिकास्थीतले पाच मणके आणि कंबरेच्या हाडाचे तीन भाग मोठेपणी एक होतात. सांधा म्हणजे दोन हाडांमधली जागा, पण वाढत्या शरीरात त्यातल्या कित्येक जागा पुढे हाडानेच भरून जाणार असतात. म्हणजे २०६ हा प्रौढाचा आकडा, आणि तोही सरासरी प्रौढाचा. कुणाला एखादी बरगडी जास्त असते, कुणाच्या गुडघ्यामागे एक छोटं हाड असतं आणि शेजाऱ्याच्या नसतं.

१८९५मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडं न कापता दिसू लागली. मग मोजणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली : वय तपासणाऱ्याची. बीसीसीआय १६ वर्षांखालील क्रिकेटपटूंच्या मनगटाचा एक्स-रे काढतं. जन्मतः मनगटात हाड नसतं, फक्त कूर्चा असते. आठ हाडं एकेक करून तयार होतात आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. न्यायालयातही आरोपी १८ वर्षांखालचा आहे की नाही हा प्रश्न कधी कधी याच वाटेने सोडवावा लागतो. २०१५च्या बालन्याय कायद्याने आधी शाळेचा दाखला, मग नगरपालिकेचा जन्मदाखला पाहायला सांगितलं आहे. दोन्ही नसतील तरच हाडांच्या चाचणीकडे वळायचं. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. कॉलरबोनचं छातीकडचं टोक पंचविशीच्या आसपास जुळतं, कुणाचं थोडं आधी, कुणाचं नंतर. सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच जयमाला खटल्यात मान्य केलं होतं की अशा तपासणीतून काढलेलं वय दोन वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतं. कायद्याला एक तारीख हवी असते. डॉक्टरच्या अहवालात मात्र ‘१७ ते १९ दरम्यान’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या दोन आकड्यांच्या मधल्या मुलाला बालन्याय मंडळापुढे उभं करायचं की सत्र न्यायालयापुढे, हे न्यायाधीशालाच ठरवावं लागतं.