समजूतदार लेकराचे ओझे

आईवडिलांचा मान राखावा, ही चौथी आज्ञा आपण सारे लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. सुस्थितीतल्या घरात तिचा अर्थ सोपा असतो. परंतु ज्या घरात आईचेच मन आजारी आहे. कधी ती दोन-दोन दिवस अंथरुणावरून उठत नाही, तर कधी कोणी विष घालील या भयाने दाराला आतून कडी घालून बसते. आणि वडिलांची मजुरी ज्या दिवशीची त्याच दिवशी संपते, त्या घरातील दहा वर्षांच्या लेकराकडून ही आज्ञा नेमके काय मागते?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे नवे शहर उभे राहू लागले. वसईहून, कोकणातून, मराठवाड्यातून कुटुंबे पोटासाठी येथे आली. गावी आजारी सुनेचे मूल आजी सांभाळी, काकू दोन घास भरवी. येथे भिंतीला भिंत लागून घरे आहेत. आजी मात्र गावीच राहिली. बाप पहाटेपासून तुर्भ्याच्या बाजारात गोणी वाहतो. एक खाडा पडला की चूल अडते. मग घर मुलाच्या हाती येते. तो पाणी भरतो, भात लावतो, धाकट्या बहिणीला शाळेत पोहोचवतो, आईच्या गोळ्या मोजतो आणि कोणी विचारलेच तर ‘आईला ताप आहे’ असे सांगतो. रविवारी मिस्सानंतर आपण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, ‘किती समजूतदार लेकरू!’

या कौतुकाचीच आम्हांस चिंता वाटते. जे ओझे वडीलधाऱ्यांनी उचलायचे, ते मुलाच्या खांद्यावर तसेच ठेवून आपण त्याला शाबासकी देतो आणि मोकळे होतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. १८५७च्या उठावानंतर त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने असे पछाडले, की धान्यापासून मिठापर्यंत सारे धुतल्यावाचून घरात येईना. त्याला आज वैद्यक काय म्हणेल, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या धाकाखाली घरातली माणसे भरडली गेली, हे निश्चित. लक्ष्मीबाईंनी हे सारे लपवले नाही, वडिलांचा द्वेषही केला नाही. आपण वाचताना हसतो. परंतु ते पुस्तक १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. लहानपणीच्या घराकडे अशा प्रसन्न नजरेने पाहणे हे प्रौढपणीचे धन आहे. ते दहा वर्षांच्या मुलाकडे आजच मागणे हा अन्याय होय.

शुभवर्तमानातही या आज्ञेवरून प्रभू येशू कोणाला फटकारतो ते पाहावे. ‘ही मिळकत देवाला वाहिली’ असे म्हणून वृद्ध आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्या शास्त्री-परूश्यांना! म्हणजे कर्त्या, मिळवत्या माणसांना. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा त्याला शोधत फिरणे हे मरिया आणि योसेफ यांचे काम होते. मान राखणे एक आणि भार वाहणे दुसरे. आजारी आईची टवाळी न करणे, तिच्यावर माया करणे, एवढा मान लेकरू राखू शकते. तिला बरे करणे हे त्याचे कर्तव्य नव्हे.

कोणी म्हणेल, अशा मुलाला त्या घरातून दूर न्यावे. क्वचित, धोका असेल तेव्हा, तेही करावे लागते. पण बहुधा त्याला आई हवीच असते. तिच्याजवळ एकटे राहणे तेवढे नको असते. बेल्जियममधील गेल या गावाचे उदाहरण येथे आठवते. शोकाने वेड्या झालेल्या बापापासून पळालेली कोवळी मुलगी, संत डिम्फना, हिचे नाव परंपरेने या गावाशी जोडले आहे. तेथील साधी कुटुंबे शतकानुशतके मनोरुग्णांना आपल्या घरी आसरा देत आली. एका मुलीला जे सोसावे लागले, त्याचे उत्तर साऱ्या गावाने दिले.

आपण काय करावे? प्रथम, ‘बाहेरची बाधा’ हे शब्द सोडावेत. प्रार्थना अवश्य करावी. पण प्रार्थनेने औषध बंद होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क दिला आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय येथून फार दूर नाही. ‘टेलिमानस’चा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावेत. बापाचा खाडा भरून निघेल एवढी मदत कोणी करावी, दवाखान्यात सोबत कोणी जावे, संध्याकाळचा डबा कोणी द्यावा, याच्या पाळ्या शेजारच्या चार घरांनी लावून घ्याव्यात.

आणि त्या मुलाला कोणीतरी जवळ बसवून स्पष्ट सांगावे: हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो बरा करणे तुझ्याकडे नाही. नंतर गोळ्यांची डबी त्याच्या हातून आपल्या हाती घ्यावी आणि त्याला खेळायला पाठवावे.