दिवा आपला, तेल कोणाचे?



सामान्यकाळातील पाचव्या रविवारचे शुभवर्तमान पोफळीत वाचले की ते जरा वेगळेच ऐकू येते. प्रभू येशू आपल्या शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो. दिवा लावून कोणी तो मापाखाली झाकून ठेवत नाही, असे सांगतो. आणि आपले गाव तर असे, की इथला दिवा खरोखरच डोंगराखाली आहे. १९६२ पासून सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहात कोयनेचे पाणी उतरते, वीज तयार होते आणि तारांवरून मुंबई-पुण्यापर्यंत जाते. कारखाने चालतात, लोकल गाड्या धावतात, दवाखान्यांत दिवे लागतात. पोफळीचे नाव मात्र तिकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

या दिव्याविषयी आम्ही इथे दोन वाक्ये ऐकली आहेत. घरांना आशीर्वाद द्यायला गेलो असता एका निवृत्त कामगाराने सांगितले, "फादर, या धरणानेच आम्हाला भाकरी दिली. मुलांची शिक्षणे झाली ती याच पगारावर." त्याच आठवड्यात बाजारात भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या आजींशी बोलणे झाले. त्यांचे माहेर शिवसागर जलाशयाखाली गेलेले. त्या रागावल्या नव्हत्या. सहज म्हणाल्या, "तुमच्या दिव्यात आमचं तेल जळतंय, फादर."

दोन्ही वाक्ये खरी आहेत. प्रश्न असा, की एकाच मिस्साबलिदानात ती दोन्ही आपण कशी अर्पण करणार?

या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहू या. दुसऱ्याच्या घरातले लवकर दिसते, मग आपले ओळखू येते. पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. १९५७ साली तो इंग्रजांच्या राजवटीतून मुक्त झाला. आपले पंडित नेहरू जशी धरणांना नव्या भारताची तीर्थक्षेत्रे मानत, तसेच घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांचे स्वप्न होते. व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे धरण बांधले गेले आणि जानेवारी १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आपल्या कोयनेचेच ते समवयस्क भावंड! त्या धरणामागे जे सरोवर पसरले, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर आहे. आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा त्यात बुडेल आणि तरी पाणी उरेल.

त्या पाण्याखाली सातशेहून अधिक गावे गेली. सुमारे ८०,००० माणसे उठली. त्यांच्यासाठी ५२ नव्या वसाहती बांधल्या. सरकारने काहीच केले नाही असे नाही. पण घर बांधून दिले म्हणजे गाव वसते का? प्रत्येक कुटुंबाला पक्की जमीन, वर छप्पर आणि एकच भिंतींची खोली मिळाली. बाकीचे घर ज्याचे त्याने पूर्ण करावे, अशी योजना होती. चुलत्या-पुतण्यांनी, आजी-नातवंडांनी एका अंगणाभोवती राहायची त्यांची रीत त्या एका खोलीत कशी मावणार? तिकडे गावप्रमुखाची बैठक पवित्र मानतात. तिच्यात पूर्वजांचा आत्मा असतो अशी श्रद्धा आहे. पाच-सात गावे एकत्र आणली तेव्हा मान कोणाचा, यावरून वाद सुरू झाले. शिमग्याच्या पालखीच्या मानावरून काय होते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पूर्वजांच्या कबरी पाण्याखाली राहिल्या. यंत्राने शेती करायची योजना फसली. पुष्कळ लोक वसाहती सोडून निघून गेले.

आणि वीज? तिचा मोठा वाटा टेमा बंदरातल्या अमेरिकन भांडवलाच्या अॅल्युमिनियम कारखान्याला स्वस्त दराने देण्याचा दीर्घ करार झाला होता. सरोवराच्या काठावरची कित्येक गावे मात्र दशकानुदशके अंधारात राहिली. पुढे साऱ्या देशालाच विजेचा तुटवडा पडू लागला. त्या लोडशेडिंगला घानाच्या लोकांनी आपल्या भाषेत नाव दिले 'दुमसोर', म्हणजे विझव-पेटव.

पण सगळ्यात जड किंमत मुलांनी मोजली. पाणी भरण्यापूर्वी जंगल तोडले नव्हते. बुडालेल्या झाडांच्या खोडांत मासेमारीची जाळी अडकतात. ती सोडवायला लहान मुलांना पाण्यात बुडी मारायला लावतात. काही वर येतात, काही येत नाहीत. ही मुले तिथे येतात कशी? मूल नातेवाइकाच्या घरी वाढवायला देण्याची त्या समाजात जुनी, प्रेमाची रीत आहे. काका शिकवील, मावशी सांभाळील, हा विश्वास. गरिबीने या रीतीचा व्यापार केला. शाळेचे आश्वासन आणि हातावर थोडे पैसे ठेवून मूल नेले जाते. घानाने २००५ साली मानवी व्यापाराविरुद्ध कायदा केला, सामाजिक संस्था अशा मुलांना सोडवून आणतात, तरी हे पूर्ण थांबलेले नाही.

बंधू-भगिनींनो, 'अरेरे, बिचारे आफ्रिकेतले लोक' असे म्हणून आपण सुटणार नाही. आपल्या वाड्यांतूनही 'शिकवतो, सांभाळतो' म्हणून शहरात नेलेल्या आणि तिथे भांडी घासत बसलेल्या मुली आपल्याला ठाऊक नाहीत का? कोयनेची गावे उठली, तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो झाला १९७६ साली. एका खोऱ्यातली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि मागे उरलेल्या गावांवर पुन्हा उठण्याची वेळ आली. धरणाला अर्धशतक उलटून गेल्यावर, २०१८ साली, धरणग्रस्तांना कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले. तोवर ज्यांची घरे बुडाली त्यांतले अनेक जण देवाघरी गेले होते. कागद नातवंडांच्या हातात होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक विचार शिकवला होता: जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ज्यात असेल, ते योग्य. ऐकायला किती बरोबर वाटते! हजारोंनी गावे सोडली, लाखोंना वीज मिळाली, हिशेब जमला. पण हाच हिशेब शुभवर्तमानात कोणाच्या तोंडी येतो, हे कधी लक्षात आले आहे का? तो प्रमुख याजक कयफाच्या तोंडी येतो. सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे बरे, असा सल्ला त्याने दिला. त्या हिशेबात तो एक माणूस येशू होता.

इथे आपली श्रद्धा एक बारीक पण महत्त्वाचा भेद करते. कयफाने दुसऱ्याचा बळी ठरवला. येशूने स्वतःला दिले. दोन्हींना लोक त्यागच म्हणतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्याग हा स्वतःचा करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतला की तो त्याग राहत नाही, ते कर्ज होते. आणि कर्ज फेडायचे असते.

म्हणून आम्ही धरणाविरुद्ध बोलत नाही. वीज हवी. ज्या हातांनी हे वीजगृह चालवले, त्या हातांचे श्रम पवित्र आहेत. त्या निवृत्त बांधवाने मान खाली घालायचे काही कारण नाही. पण भाजीवाल्या आजींचे वाक्य ऐकल्यावर कानही झाकायचे नाहीत. आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा प्रकाशाची अट सांगतो. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या, मग तुमचा प्रकाश पहाटेसारखा फुटेल. म्हणजे प्रकाश आधी आणि दान नंतर, असे नाही. बेघर माणसाला घर मिळते तिथूनच प्रकाश सुरू होतो.

घानाचेच कार्डिनल पीटर टर्कसन यांनी २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक रोममध्ये जगापुढे सादर केले. निसर्गाचे दुखणे आणि गरिबाचे दुखणे वेगळे काढता येत नाही, हे त्याचे सार आहे. जो माणूस व्होल्टाच्या देशात वाढला, त्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल. आपण वाशिष्ठीच्या खोऱ्यात राहतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये शिरलेले पाणी आपण पाहिले आहे. आपल्यालाही ते पुस्तकातून शिकायला नको.

प्रायश्चित्तकाळ जवळ आला आहे. या वर्षी उपवासाबरोबर तीन गोष्टी करू या. पहिली: आपल्या ओळखीत एखादे धरणग्रस्त कुटुंब असेल, तर त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या गावाचे नाव विचारा. नकाशावर नसलेले नाव कोणी विचारले, तरी माणसाला बरे वाटते. दुसरी: आपल्यात कार्यालयात नोकरी केलेले अनेक जण आहेत. सातबारा, अर्ज, दाखले यांची भाषा तुम्हाला येते. एखाद्या कुटुंबाचे अडलेले कागद घेऊन त्यांच्याबरोबर चार वेळा चकरा मारा. तिसरी: नात्यागोत्यात कोणाच्याही घरी शाळेच्या वयाची मुलगी कामाला असेल, तर गप्प बसू नका.

आज संध्याकाळी घरी दिवा लावाल, तेव्हा बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबा. ज्यांनी आपले गाव देऊन हा उजेड दिला, त्यांच्यासाठी एक 'आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणा. मग दिवा लावा, आणि उद्या त्यांच्या दारी जा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू