न्यायासनाची इच्छा

आपल्याकडच्या वकिलाला उच्च न्यायालयाच्या न्यायासनाची इच्छा असली, तरी ती त्याने चारचौघांत बोलून दाखवू नये, असा एक अलिखित दंडक बालाघाटपासून जबलपूरपर्यंत निष्ठेने पाळला जातो. संविधानाच्या २१७ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांच्या वकिलीची अट घातली आहे. ती पुरी झाल्यावर केव्हातरी वरिष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ एखाद्याचे नाव सुचविते, त्याला संमती विचारली जाते, आणि जणू काही अनपेक्षित आपत्ती कोसळली अशा मुद्रेने तो ती देतो. अमेरिकेतील कित्येक राज्यांत अपील न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी उमेदवार राजरोस उभे राहतात, सभा घेतात, वर्गणी जमवितात आणि आपली मते जाहीर करतात. आपण त्यांना हसतो. परंतु इच्छा लपविणारा तेवढा शुचिर्भूत आणि बोलून दाखविणारा तेवढा भ्रष्ट, हा निवाडा इतका सोपा आहे काय?

याज्ञवल्क्याने न्यायसभेतील सभासद कसे असावेत हे सांगताना अध्ययन, धर्मज्ञान, सत्यवचन आणि शत्रुमित्रांविषयी समबुद्धी ही लक्षणे मोजली. पदाविषयीची निरिच्छता त्याने त्या मोजदादीत धरलेली नाही. गीतेतला निष्काम कर्मयोग आपण येथे फार सवंगपणे आणून चिकटवितो. फळाची आसक्ती सोडावी हे खरे, पण त्या उपदेशाने अर्जुनाला रणातून घरी पाठविले नाही, रणात उभे केले. रामशास्त्री प्रभुण्यांचे उदाहरणही असेच अर्धे सांगितले जाते. नारायणरावाच्या १७७३ सालच्या वधानंतर राघोबादादांना देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सुनावून शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले, हे प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. कारभाऱ्यांच्या राज्यात ते परत आले आणि त्याच पदावर पुन्हा बसून न्यायनिवाडा करू लागले, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. माधवराव पेशवे जपजाप्यात रमून राज्यकारभार दुर्लक्षू लागले तेव्हा याच शास्त्रीबोवांनी काशीस जाण्याची रजा मागून त्यांना ताळ्यावर आणले, असे सांगतात. ज्याला अनुष्ठानापेक्षा कारभार श्रेष्ठ वाटला, त्याला विरक्तीचा पुतळा करून ठेवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. न्यायासनावर बसावेसे वाटणे यात मला तरी पाप दिसत नाही.

मग दोष कोठे शिरतो? त्यासाठी अपील म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. बालाघाटच्या कचेरीच्या आवारात लांजीकडचा किंवा बैहरकडचा एखादा पक्षकार, निकालाची नक्कल आधी फडक्यात आणि वरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वकिलाच्या टेबलापाशी उभा असतो. हरलेला असतो, पण खचलेला नसतो. उच्च न्यायालयापर्यंत जाणारे येथले अपील १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूरला जाई, तेव्हापासून ते जबलपूरला जाते. वाट बदलली, त्याची अपेक्षा मात्र तीच राहिली, की वर असा कोणीतरी आहे ज्याने आपल्याविषयी अजून काही ठरविलेले नाही. त्या वरच्या न्यायाधीशाने साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला नसतो, उलटतपासणीत तो कोठे अडखळला हे ऐकलेले नसते. त्याच्यापुढे असते ती केवळ मिसल. खालच्या हाकिमाहून त्याच्यापाशी अधिक असे काही असलेच, तर ते न ठरलेले मन होय.

ते मन पैशाने कसे आधीच ठरून जाऊ शकते, याचा दाखला वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या खाणींच्या राज्यात सापडतो. तेथे एका कोळसा कंपनीवर ज्यूरीने ५ कोटी डॉलरची भरपाई बसविली होती. प्रकरण अपिलात पोहोचण्यापूर्वी, २००४ च्या निवडणुकीत, त्या कंपनीच्या प्रमुखाने ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर ओतले. बेंजामिन निवडून आले, त्यांनी प्रकरणातून दूर होण्यास नकार दिला, आणि भरपाई ३ विरुद्ध २ मतांनी रद्द झाली. त्यांनी बाजूला व्हावयास हवे होते, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरविले खरे, पण तेही ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने! भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे ज्या जिल्ह्यात निघते, तेथील वाचकाला यावर भाष्य नको.

पैशाहून सूक्ष्म गोष्ट मतांची. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने वादग्रस्त कायदेशीर प्रश्नांवर मत देऊ नये, असा मिनेसोटा राज्याचा नियम होता; तो त्याच सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द केला. कायद्याच्या प्रश्नांवर ज्याचे मन अगदी कोरे आहे तो निःपक्षपाती नव्हे, अपात्रच समजावा, असा बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलियांचा युक्तिवाद होता, आणि तो खोडता येणे कठीण आहे. तेलंगांच्या मृत्यूनंतर १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयात आले, तेव्हा विधवाविवाहापासून शेतकऱ्यांच्या कर्जापर्यंत त्यांची मते साऱ्या महाराष्ट्राला पाठ होती. परंतु ती त्यांनी पदाच्या मोबदल्यात कोणापुढे मांडलेली नव्हती. न्यायाधीश शपथ घेताना ममत्व सोडतो, असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाचे-पुतणे येतात. वस्तुतः माणसाचे सर्वांत चिवट ममत्व असते ते स्वतः चार लोकांत बोललेल्या शब्दावर, आणि त्या शब्दाच्या बळावरच जो खुर्चीवर बसला, त्याला पुढे मिसल वाचून तो फिरवावा लागला तर निवडून देणाऱ्यांना तो विश्वासघातच वाटणार.

यावरून आपली रीत निर्दोष ठरते असे नाही. न बोललेली इच्छा मरत नसते. लग्नमंडपात, निरोपसमारंभात, कोणाच्या तरी दिवाणखान्यात ती आपली वाट काढते, आणि तिची तपासणी कोणालाच करता येत नाही. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी घटनाबाह्य ठरला, त्या वेळी भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती चेलमेश्वरांनी या बंद दारावरच बोट ठेवले होते. माझे म्हणणे असे, की उमेदवाराने आपली इच्छा खुशाल बोलावी. आजवर कोणाची वकीलपत्रे घेतली, कोणाचे उपकार अंगावर आहेत आणि कोणत्या प्रकरणांत आपण बसणार नाही, हे संमतीपत्रात लिहून द्यावे, आणि तो कागद कोणालाही वाचावयास मिळावा. पुढे येणाऱ्या अपिलाचे काय करणार, असे विचारणाऱ्याला मात्र, तो मंत्री असो, मतदार असो की वरिष्ठ न्यायमूर्ती, त्याने उत्तर देऊ नये. अडचण एवढीच, की बहुधा विचारणाऱ्याच्याच हाती नेमणूक असते.