पडदा सरकतो तेवढाच

आमच्या निमोण्याच्या सप्ताहात पेटीची साथ माझ्याकडे असते. भजन रंगलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "देव एक, सूर सात, मग संगीतं वेगवेगळी कशाला?" ऐकायला गोड. मला पटत नाही.

माँट्रिअलमध्ये किया तबस्सियन हे इराणी सेतारवादक 'कॉन्स्टंटिनोपल' नावाचा वाद्यवृंद चालवतात. त्यांच्या सेतारशेजारी युरोपातलं जुनं व्हिओला दा गांबाही वाजतं. माझं लक्ष आधी गेलं ते पडद्यांकडे. दोन्ही वाद्यांचे पडदे दांडीला बांधलेले, पूर्वी तर आतड्याच्या तातीचेच. हवे तसे सरकवता येतात. इराणी संगीतात कोमलही नाही आणि शुद्धही नाही असा मधला गंधार लागतो. त्याच्यासाठी पडदा थोडा सरकवायचा, बस. सेतार आपलं सेतारपण सोडत नाही, गांबाही सोडत नाही.

पेटीला ती सोय नाही. 1842 साली पॅरिसमध्ये दबँने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि पुढे ती थेट विठोबापुढे येऊन बसली. तिचे सूर जागचे हलत नाहीत म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. (देवळात कुणी घातली नाही, हे बरं.) काकड्याला आमचे बुवा भैरवातला रिषभ डोलवत आणतात. तिथे मी पट्टीवरून बोट उचलतो. तेवढी जागा बुवांची.

अद्वैती म्हणतील, भेद हा भासच. असेलही. पण वारकरी मोक्ष नाकारून भक्ती मागतो, कारण भक्तीला दोघं लागतात. सगळं एक झाल्यावर नमस्कार कुणी कुणाला करायचा?

घोड नदीच्या पलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांचं स्थान आहे. सतराव्या शतकातले, सूफींच्या कादिरी परंपरेशी नातं असलेले. 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. वारकरी त्यांना संत मानतात, आणि त्यांनी आपलं मुसलमानपण कधी लपवलं नाही. आता त्यांना पुरतं हिंदू नाहीतर पुरतं मुसलमान करायला निघालेल्यांचा मला राग येतो. त्यांचा सूर मधलाच होता, तो तसाच ऐकावा.

मंडळातली पोरं सध्या की-बोर्ड घ्यायचं म्हणतात. त्यात म्हणे सूर हवा तसा खाली-वर करता येतो. घ्या म्हटलं, पण काकड्याला रिषभ कुणी लावायचा, ते आधी बुवांना विचारून या.