रसविघ्न आणि संयम : खेळातील रंगभूमीचा नैतिक प्रश्न

१

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्योत्पत्तीची जी कथा आली आहे, तिच्यातील एक तपशील रसचर्चेच्या ओघात सहसा मागे पडतो. त्या कथेतील पहिलाच नाट्यप्रयोग उधळला जातो. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात दैत्यांच्या पराभवाचा प्रयोग सुरू असताना विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्ने येतात आणि नटांची वाणी, हालचाल व स्मृती स्तंभित करून टाकतात. इंद्र जर्जर नावाच्या ध्वजदंडाने त्यांना झोडपून काढतो. विश्वकर्मा संरक्षणासाठी नाट्यगृह उभारतो. आणि एवढे होऊनही अखेरीस ब्रह्मदेवाला विघ्नांशी सामोपचाराने बोलावे लागते. नाट्यगृह ही केवळ सोय नव्हे, तर पाहणाऱ्याच्या हिंसेपासून नटाला दिलेले अभय होय, असा या कथेचा एक अर्थ निघतो. रंगभूमीविषयीचा बहुतेक विचार हे अभय गृहीत धरूनच झाला आहे. ते काढून घेतले तर नाट्याचे काय उरते, हा प्रश्न ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या आत झालेल्या नाट्यप्रयोगांनी व माहितीपटांनी अलीकडे प्रत्यक्षात उभा केला आहे.

जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये तिसरी टाळेबंदी लागू झाली. नाट्यगृहे बंद असल्याने हाताला काम नसलेले सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरवीन हे दोन नट 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' हा खेळ खेळत असत. या खेळातील लॉस सँटोस हे लॉस एंजेलिसच्या धर्तीवर रचलेले काल्पनिक शहर. दरोडा, पाठलाग आणि गोळीबार हा तेथील नित्यक्रम. त्या शहरात भटकताना त्यांना एक खुले प्रेक्षागार सापडले आणि याच शहरात संपूर्ण 'हॅम्लेट' करण्याची कल्पना निघाली. निवडचाचण्या आणि तालमी खेळातच झाल्या व २०२२ मध्ये प्रयोग झाला. क्रेन यांच्या पत्नी, माहितीपटकार पिनी ग्रिल्स, याही खेळात शिरल्या आणि खेळातील फोनच्या कॅमेऱ्याने त्यांनी हे सारे चित्रित केले. क्रेन व ग्रिल्स यांचा 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट' हा माहितीपट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. तो जवळजवळ संपूर्णपणे खेळाच्या आतच चित्रित झाला आहे.

२

या प्रयोगाला नाट्य म्हणावे काय? चतुर्विध अभिनयाची कसोटी येथे उपयोगी पडते. आहार्याची खेळात लयलूट आहे: हवा तो वेष, हवे ते वाहन, हवी ती समुद्रकिनाऱ्याची संध्याकाळ. आंगिक मात्र नटाचे उरतच नाही. हात उंचावणे, वाकणे, नाचणे या हालचाली खेळाच्या रचनाकारांनी आधीच घडवून ठेवलेल्या असतात. नट फक्त त्यांतून निवड करतो. आणि सात्त्विक? स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय या आठांपैकी सात भाव पडद्यावरील प्रतिरूपाला अप्राप्य आहेत. तो पुतळा घामेजत नाही, त्याचे डोळे भरून येत नाहीत. ध्वनिग्राहकातून पार होतो तो एकटा स्वरभेद. घरात बसलेल्या नटाचा कापरा होणारा आवाज यांत्रिक देहाच्या तोंडून येतो आणि ऐकणाऱ्याला या देहामागे कोणीतरी आहे याची खूण पटते.

शंकुकाने नटाविषयीची प्रतीती स्पष्ट करण्यासाठी चित्रतुरगाचा दृष्टान्त योजला होता. चित्रातील घोड्याविषयी होणारी प्रतीती सम्यक, मिथ्या, संशय किंवा सादृश्य यांपैकी कशातच बसत नाही. नटाच्या ठिकाणी रामाची प्रतीती होते तीही अशीच विलक्षण. लॉस सँटोसमध्ये हा दृष्टान्त एका पायरीने पुढे सरकतो. येथे नट आणि पात्र यांच्यामध्ये खेळाचे प्रतिरूप उभे आहे, म्हणजे चित्रातला घोडाच राजपुत्राची भूमिका करतो आहे. तरीही प्रतीती मोडत नाही, याचे कारण सादृश्यात शोधून सापडणार नाही. ते अन्यत्र आहे.

३

हे कारण त्या शहराच्या नियमांत सापडते. तेथे प्रेक्षकाच्या हाती शस्त्र असते. स्वगत सुरू असताना कोणीही अनोळखी खेळाडू यावे, नटाला गोळी घालावी आणि निघून जावे, हे खेळाच्या नियमांना धरूनच आहे. तसे वारंवार घडलेही. नाट्यगृहातील प्रेक्षक शांत बसतो तेव्हा त्या शांततेत संकेताचा, संकोचाचा आणि तिकिटाच्या पैशाचा वाटा किती व इच्छेचा किती, हे सांगता येत नाही. येथे मात्र जो थांबतो, बंदूक खाली घेतो आणि ऐकतो, त्याचे थांबणे ही निखळ निवड असते. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची गणना करताना स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. ते विघ्न प्रेक्षकाच्या अंतःकरणात होते. येथे ते त्याच्या बोटाखाली आहे. सहृदय ही संज्ञा काव्यानुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाची द्योतक म्हणून रूढ आहे. लॉस सँटोसमध्ये तिला क्रियेचा अर्थ येतो: जो मारू शकत असून मारत नाही, तो सहृदय.

नाटकाची निवड या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून (१८८३) मराठी वाचकाला परिचित असलेला हा राजपुत्र वधापूर्वी थबकणारा आहे; त्याचे थबकणे हा त्याचा दोष की त्याची माणुसकी, यावर टीकाकारांच्या पिढ्या खर्ची पडल्या. वधाला एका कळीपलीकडे विलंब नसलेल्या शहरात तो येतो, तेव्हा त्याचा विलंब हीच तेथील सर्वांत अपरिचित गोष्ट ठरते. त्याच्या मृत्युचिंतनाचा आधार असा की मरणापलीकडून कोणी परतत नाही. लॉस सँटोसमध्ये तर मेलेला प्रत्येक जण काही क्षणांत परत उभा राहतो. त्यामुळे ते चिंतन पात्राच्या मुखी विसंगत वाटावे. पण ते आवाजाच्या बाजूने ऐकले, तर २०२१ मधील एका बंद घरात बसलेल्या, न परतणाऱ्या देहाच्या माणसाचे ते बोल ठरतात. युद्ध व मरण अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सुचवावे, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. येथे मरण इतके प्रत्यक्ष आणि इतके स्वस्त आहे की खरे मरण पुन्हा सूचितच राहते.

४

यावर एक आक्षेप संभवतो. खेळात खरे कोणी मरत नाही. मग न मारण्याला नैतिक मोल ते कसले? आक्षेप वजनदार आहे, परंतु तो इजेची कल्पना फार संकुचित करतो. नाट्यशास्त्रातील विघ्नेही नटांना ठार करत नाहीत. ती त्यांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवतात. बोलणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे ही इजा प्रतिरूपाला होत नाही, माणसाला होते. नॉर्वेच्या बेन्यामिन रे यांचा 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' (२०२४) हा माहितीपट याची साक्ष देतो. स्नायूंच्या असाध्य विकाराने २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी निधन पावलेल्या तरुणाने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये जोडलेली मैत्री त्याच्या आईवडिलांना त्याच्या मृत्यूनंतर कळली. तेथे तर बराचसा संवाद टंकलिखित होता. स्वरभेदाचाही आधार नव्हता. तरी ज्यांनी उत्तर दिले त्यांनी माणसालाच उत्तर दिले होते.

मात्र या संयमाची आज्ञा करता येत नाही. लॉस सँटोसमधील खेळाडू नाटक पाहण्यासाठी आलेले नव्हते. त्यांच्या दृष्टीने नटच आगंतुक होते, आणि नटांच्या हातीही शस्त्रे होतीच. जर्जर उगारणाऱ्याला येथे विशेष अधिकार नाही. उरतो तो ब्रह्मदेवाचा मार्ग, म्हणजे हे नाट्य कोणा एका पक्षाचे नाही, तिन्ही लोकांचे आहे, असे विघ्नांनाच सांगणे. निवडचाचणीला आलेला परग्रहवासीयाच्या वेषातील एक खेळाडू नाटकातील उतारा न म्हणता कुराणातील आयती म्हणतो आणि मंडळी त्याला सामावून घेतात. पुढे तो नटांचा राखणदार होतो. विघ्नाचे रक्षकात झालेले हे रूपांतर त्या सामोपचाराचे फलित होय.

५

माहितीपटाची नैतिक स्थिती मात्र निराळी आहे. 'डेझी' या खेळात चित्रित झालेल्या 'निट्स आयलंड' (२०२३) या माहितीपटासाठी एकियेम बार्बिये व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ९६३ तास त्या २५० चौरस किलोमीटरच्या आभासी बेटावर घालवले. त्यांच्या प्रतिरूपांच्या अंगावर पत्रकाराची खूण होती. क्रौर्यात रमणाऱ्या टोळीलाही त्यांनी प्रश्न विचारले आणि उत्तरांत पडद्यापलीकडील घरांचे, थकव्याचे, एकटेपणाचे आवाज येऊ लागले. येथे विचारणे हाच संयमाचा प्रकार आहे.

पण चित्रपटगृहातील प्रेक्षकाला पुन्हा अभय मिळालेले असते. स्वगताच्या मध्यावर नट गोळी लागून कोसळतो तेव्हा तो हसतो. नटाचे विघ्न त्याच्यासाठी हास्यरस होते, कारण त्याच्या हाती काहीच नसते: मारण्याची शक्ती नाही, म्हणून न मारण्याचे श्रेयही नाही. संयमाची साक्ष माहितीपट जपून ठेवतो. संयम तो देऊ शकत नाही. एरवी नाट्यगृहात शांत बसणाऱ्या प्रेक्षकाचे मौन यांपैकी कोणत्या जातीचे असते, हे तपासण्याची गरज या प्रयोगांनी निर्माण केली आहे. भिंतींनी लादलेले मौन आणि ऐकण्यासाठी स्वीकारलेले मौन बाहेरून सारखेच दिसते. त्यांतील भेद भिंती नाहीशा झाल्यावरच कळतो.